चारांतली दोन बिस्किटे

३ फेब्रुवारी, सोमवार

बेचाळीस मुले कविता म्हणायला उभी राहिली की पहिल्या ओळीच्या आधी एक आवाज व्हायचा. कवितेचा नव्हे, बेचाळीस छात्यांनी एकदम आत घेतलेल्या श्वासाचा. पत्र्याच्या छपराखाली तो असा घुमायचा की वाटावे, कोणीतरी एखादे भलेमोठे पुस्तक मधोमध उघडले. आज दुपारी आरामखुर्चीत डोळा लागता लागता तो आवाज अगदी कानाशी झाला आणि मी दचकून उठलो. पाहतो तर सूनबाईच्या इस्त्रीने वाफ सोडली होती.

आणि त्याच वेळी फोन वाजला. योगायोग म्हणतात तो हाच.

पलीकडे एक तरुण मुलगी होती. म्हणाली, मी विद्यापीठातून बोलतेय, मानसशास्त्र विभागातून. "सर, नावाड्याच्या कवितेचे गुरुजी ते तुम्हीच ना?"

अंगावर काटा आला. निवृत्त होऊन तेवीस वर्षे झाली, पण कोणीतरी अजून मला त्या कवितेवरून ओळखते! एक्केचाळीस वर्षांपूर्वी विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी माझ्या पाचवीच्या वर्गात तो प्रयोग केला होता. माझ्या मुलांनी दहा मिनिटे एका सुरात नावाड्याची कविता म्हटली, शेजारच्या वर्गाने तेवढा वेळ मुकाट्याने गणिते केली. मग प्रत्येक मुलाला चार बिस्किटे दिली आणि सांगितले, दुसऱ्या गावच्या एका मुलाला काहीच मिळालेले नाही, त्याच्यासाठी या डब्यात हवी तेवढी टाक. माझ्या मुलांनी चारांतली दोन टाकली. गणितवाल्यांनी कशीबशी एक. कविता माणसाला उदार करते, हे त्या दिवशी आकड्यांनी सिद्ध झाले. पाठ्यपुस्तकात आले. कुठल्या कुठल्या भाषांत गेले.

मी म्हटले, "हो, मीच तो."

"आम्ही तो प्रयोग पुन्हा करून पाहतोय, सर."

"पुन्हा कशाला? झालाय की तो!"

"एकदाच झालाय, म्हणूनच."

फोन ठेवला तरी तोंडात खडू चघळल्यासारखी चव राहिली. बायको म्हणाली, "मिरवायला मिळतंय पुन्हा, तर तोंड का एवढंसं?"

५ फेब्रुवारी, बुधवार

मुलगी घरी येऊन गेली. चष्मा डोळ्यांवर कमी आणि डोक्यावर जास्त. मी मनात तिचे नाव पडताळणीवाली ठेवले. वागायला नम्र आहे, पण तिच्या नम्रपणाने मला राग येतो. डॉक्टर सुई टोचण्याआधी गोड बोलतात तसा तो आहे.

तिने सांगितले, नऊ शाळांत प्रयोग झाला, अकराशे मुले झाली. कविता म्हणणाऱ्यांनी सरासरी दीड बिस्किट दिले. गणिते करणाऱ्यांनीही दीड.

"मग तुमची मुलं वाईट आहेत," मी म्हणालो.

"अकराशेच्या अकराशे, सर?"

"आजकाल काय सांगावं."

ती हसली. म्हणाली, आमच्या विषयात सध्या हेच चालू आहे. गाजलेले प्रयोग दुसऱ्या कोणी केले की त्यांतले कितीतरी उभेच राहत नाहीत. कुठे माणसे थोडी होती, कुठे आकडे हाती आल्यावर सोयीचे तेवढे मोजले, कुठे प्रयोग करणाऱ्यालाच निकाल हवा होता. म्हणून आता आम्ही काय करणार, काय मोजणार ते आधी लिहून नोंदवून ठेवतो. मागाहून शब्द फिरवायची सोय नाही. आणि सगळे आकडे कोणालाही पाहायला खुले.

मला शिसारी आली. कविता काय तराजूत टाकायची वस्तू आहे? ज्याने तिच्यावर कधी जीव लावला नाही त्याने ती अकराशे मुलांकडून म्हणवून घ्यायची आणि वर सांगायचे, काही झाले नाही! प्रेतासमोर सनई वाजवून मेलेला नाचत का नाही म्हणून विचारण्यातला प्रकार.

हे मी तिला बोलूनही दाखवले. तिला राग आला नाही. उलट वहीत काहीतरी टिपून म्हणाली, "म्हणूनच तर आले. पहिल्या प्रयोगातली एक गोष्ट आमच्याकडे नव्हती. तुम्ही. दहाव्या शाळेत कविता तुम्हीच घ्याल का?"

बायकोने आतून खाकरून दाखवले. मी हो म्हणालो.

८ फेब्रुवारी, शनिवार

प्राध्यापकांना फोन केला. वय शहाऐंशी, पण आवाज अजून व्यासपीठावरचा.

"मास्तर, हे पाडापाडीचे दिवस आहेत," ते म्हणाले. "ज्यांना स्वतःला काही बांधता येत नाही, त्यांनी घण उचललेत. तुम्ही जाच. दाखवून द्या त्या पोरीला."

"दाखवतो," मी म्हणालो. ऊर भरून आला. एवढा मोठा माणूस, पण मला अजून आपला समजतो.

कविता काढून बसलो. पुस्तकाची गरज नाही, पण पान पाहिले की बरे वाटते. चौथ्या कडव्यापाशी पानाला अजून निळ्या शाईचा डाग आहे. तिथे मी नेहमी थांबायचो आणि मुलांनाही थांबायला शिकवायचो. हे थांबणे कोणत्या आकड्यात बसणार?

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज ती शाळा पाहून आलो. गेलो नसतो तर बरे झाले असते.

मुख्याध्यापिका स्वतः फाटकापर्यंत आल्या. "सर, आमच्याकडे तुमच्या प्रयोगामुळेच रोज पाठांतराचा तास असतो. सगळ्याच शाळांत असतो म्हणा आता. औदार्याचा तास म्हणतो आम्ही." आणि मला वर्गात नेले.

शिट्टी वाजली. मुले उभी राहिली. पुन्हा शिट्टी वाजली आणि मुलांच्या तोंडून शब्द बाहेर पडू लागले. म्हणू लागली असे मला लिहवत नाही. कारखान्याच्या पट्ट्यावरून बाटल्या सरकतात तसे ते शब्द सरकत होते, एकाला एक आपटत. ना चढ ना उतार. चौथ्या कडव्यापाशी कोणी थांबले नाही. भिंतीशी एक मुलगी हातात तक्ता घेऊन उभी होती. ज्याचे ओठ हलत नव्हते त्याच्या नावापुढे ती फुली मारत होती. खिडकीशेजारचा एक मुलगा ओठ नीट हलवत होता आणि त्याचे डोळे मिटलेले होते. झोपेत म्हणत होता! दहा मिनिटे झाली, शिट्टी वाजली आणि सगळे ओळीच्या अर्ध्यात थांबून बसले. नावाडी नदीच्या मधोमध राहिला.

"कशी वाटली?" मुख्याध्यापिकांनी विचारले.

"मला जरा पाणी मिळेल का?" मी म्हणालो.

घरी येऊन जेवलो नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

प्रयोग झाला. सगळे सविस्तर लिहायचे ठरवले होते, पण हात चालत नाही.

मला आदल्या दिवशी वर्गात जायचे होते. पडताळणीवालीला म्हटले, "जरा तयारी करून घेतो."

"कसली तयारी, सर?"

"वर्गाची. ओळख वगैरे."

"नको, सर. सगळ्या शाळांत तसंच ठेवलंय, थेट."

आता तयारीशिवाय वर्ग उभा राहतो का? ही पोरे कधी शाळेत शिकवून पाहतील तर कळेल. आमच्या वेळी तपासणीला साहेब यायचे, तेव्हा आठवडाभर आधीपासून वर्ग तयार होई. मी मुलांना सांगून ठेवले होते, साहेबांनी प्रश्न विचारला की हात सगळ्यांनी वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. साहेब खूश, शाळा खूश. प्राध्यापक आले तेव्हाही माझा वर्ग असा घोटून तयार होता की नुसती बोटाची खूण पुरे. त्याला म्हणतात शिकवणे.

असो. मी कविता घेतली. चांगली घेतली, हे मी स्वतः म्हणतो. तिसऱ्या कडव्याला माझ्या डोळ्यांत पाणी आले. मुले आधी माझ्या तोंडाकडे टकमक पाहत राहिली, मग त्यांच्याही आवाजात जरा जीव आला. चौथ्या कडव्यापाशी मी हात वर केला आणि सगळा वर्ग थांबला. मला वाटले, जिंकलो.

मग मुले एकेक करून पडद्यामागे गेली. कविता म्हटलेला वर्ग कोणता आणि गणितवाला कोणता, हे बिस्किटे मोजणाऱ्यांना सांगितलेले नव्हते. म्हणे मोजणाऱ्याचा हात निकालाकडे झुकू नये म्हणून! म्हणजे आम्ही सगळे चोर, असे धरूनच चालायचे.

शेवटी डबे उघडले. मी डोकावलो. आत काय होते? क्रीम चाटून पुसून घेतलेली नुसती बिस्किटे, थुंकीने ओली. एकावर दातांच्या खुणा होत्या. एका मुलाने बिस्किटाऐवजी कागद टाकला होता. माझ्या डोळ्यांतले पाणी अजून वाळले नव्हते आणि समोर हे! वास आला, गोडूस, आंबूस. मी तोंड फिरवले.

सरासरी एक पूर्णांक चार. गणितवाल्यांची एक पूर्णांक पाच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कशातच मन नाही. मुलांचे आईबापच हावरट, मुले काय करतील. सगळीकडे नुसते ओरबाडणे. बायकोने विचारले, "काय जेवायचंय?" मी म्हणालो, "काही नको, उबग आलाय सगळ्याचा."

"सगळ्यात मी पण का?" तिने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता आत गेली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज जे झाले ते जसेच्या तसे लिहितो.

पडताळणीवाली आकड्यांचा कागद द्यायला आली होती. बायको चहा घेऊन आली. मी मुलीला समजावत होतो की त्या काळची मुले वेगळीच होती, सांगितलेले ऐकणारी. बायकोने कप ठेवला आणि सहज म्हणाली, "ऐकणारी म्हणजे काय, तुम्ही घोकून घेतलं होतं त्यांच्याकडून. आदल्या दिवशी घरातला बिस्किटांचा डबा उचलून नेला होता यांनी. मी सासऱ्यांसाठी आणली होती ती. त्या संध्याकाळी त्यांनी चहा नुसताच घेतला, मला अजून आठवतंय."

"आदल्या दिवशी, काकू?" मुलीने विचारले.

मी हसलोच. म्हटले, "अगं, रंगीत तालीम! प्राध्यापक आदल्या दिवशी खोली बघायला आले होते, तेव्हा मला विश्वासात घेऊन सगळं सांगितलं त्यांनी. चार बिस्किटं, डबा, सगळं. आता विद्यापीठातली माणसं येणार आणि आपली मुलं बकाबका खाणार, शाळेची काय शोभा राहणार? मी त्या दुपारी सगळ्यांकडून करून घेतलं. चारांतली दोन डब्यात, दोन आपल्याला. कोणी तीन खाल्ली की पुन्हा पहिल्यापासून. आणि तीन पोरं होती अगदीच हावरी, त्यांना सांगितलं, उद्या घरी राहा."

मुलगी लिहायची थांबली.

"आणि शेजारचा वर्ग, सर?"

"त्यांचे गुरुजी रजेवर होते. त्यांची तयारी कोण घेणार?"

बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होते, तिचा तो पीं पीं आवाज तेवढा येत राहिला. मुलीने चष्मा डोक्यावरून काढून हातात घेतला. तिचा चेहरा मी प्रथमच नीट पाहिला. अगदीच लहान आहे ती.

"सर," ती म्हणाली, "मग ते कवितेमुळे नव्हतं."

मी म्हणालो, "चहा घ्या, निवतोय."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मी फसवणूक केली नाही. हे स्पष्ट लिहून ठेवतो. कोणत्याही शिक्षकाने तेच केले असते. पाहुणे येणार म्हटल्यावर घर झाडत नाही का कोणी? प्राध्यापकांनी मला सांगितले होते, मुलांना कळता कामा नये. मी मुलांना प्रयोगाबद्दल चकार शब्द सांगितला नाही. फक्त चांगले कसे वागायचे ते सांगितले. ही शिकवण झाली. शिकवण आणि फसवणूक यांत फरक आहे.

दुपारी.

वरचे वाचले. तपासणीच्या साहेबांना उत्तर देणाऱ्या मुलासारखे वाटले, डावा हात वर केलेल्या.

एक्केचाळीस वर्षे मी लोकांना ती गोष्ट सांगत आलो आणि त्यातली आदली दुपार कधी सांगितली नाही. लपवली असेही नाही. ती सांगण्याजोगी वाटलीच नाही. याचीच आता किळस येते. चोराला आपण चोरी केली एवढे तरी ठाऊक असते.

१ मार्च, शनिवार

पडताळणीवालीचे म्हणणे, हे सगळे माझ्या सहीने लिहून द्यावे. ते तिच्या अहवालाबरोबर छापले जाईल. नाहीतर अहवालात एवढेच येईल की निकाल पुन्हा मिळाला नाही, कारण माहीत नाही. आणि शाळा म्हणतील, आमच्याकडून काहीतरी राहिले असेल, तास दहाऐवजी वीस मिनिटे करू.

मुलगा म्हणाला, "बाबा, कशाला या वयात? तुम्हाला कोणी विचारलं होतं का? गप्प बसा ना."

"विचारलं ना," मी म्हणालो. "तिनं विचारलं."

"तिला डिग्री हवीये. तुम्हाला काय मिळणार?"

सूनबाई मध्येच म्हणाली, "अहो, बाबांना ठरवू दे की," आणि माझ्याकडे न पाहता कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

मग प्राध्यापकांना फोन केला. त्यांना आधी कळावे, एवढे मी त्यांचे देणे लागतो असे वाटले. सगळे सांगितले. 

"मास्तर, वय झालं तुमचं," ते म्हणाले. "आठवणी एकमेकींत मिसळतात. तपासणीची तयारी आणि प्रयोगाचा दिवस, तुम्ही गल्लत करताय."

"माझ्या बायकोलाही आठवतंय."

"वहिनींना बिस्किटं आठवताहेत. आणि मला सांगा, पुस्तकांतून नाव जाईल ते माझं. तुमचं तर नावच नाही कुठे. तुमचं काय जातंय?"

फोन ठेवल्यावर कपाटातून ते पाठ्यपुस्तक काढले. खरेच की. "एका प्राथमिक शिक्षकाच्या वर्गात" एवढेच लिहिले आहे. चाळीस वर्षे ती ओळ मी पाहुण्यांना बोट ठेवून दाखवत आलो.

४ मार्च, मंगळवार

नात शाळेतून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिला कविता पाठ करून घरच्या मोठ्या माणसाची सही आणायची होती. कविता कुठली, ते लिहायला नकोच.

हात मागे बांधून तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत सुरुवात केली. तेच ते, बाटल्या सरकाव्यात तसे शब्द. मी चौथ्या कडव्यापाशी हात वर केला.

"इथे थांब जरा. तो पलीकडचा काठ बघतोय इथे."

"थांबलं की फुली मारतात, आजोबा."

आणि ती पुढे म्हणत राहिली. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून लागली. दोनदा, तीनदा. मग घड्याळाकडे पाहून म्हणाली, "झाली दहा मिनिटं. करा सही."

"तुला आवडते का गं ही कविता?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी विचारले, तुला जुलाबाचे औषध आवडते का?

मी तिच्या वहीत सही केली. मग पडताळणीवालीला फोन करून सांगितले, उद्या ये, तुझ्याही कागदावर करतो.

५ मार्च, बुधवार

मी निवेदन सकाळीच लिहून ठेवले होते, चार पाने. पहिले पान छपरावरच्या उन्हाचे होते. मुलीने वाचले.

"सर, सुंदर आहे. पण विशेषणं काढावी लागतील."

"सगळी?"

"'निरागस' राहू दे म्हणालात तरी नाही चालणार. मुलं किती होती, काय सांगितलं, कधी सांगितलं, किती जणांना घरी ठेवलं. बस."

एकेक शब्द खोडत गेली. चार पानांच्या अकरा ओळी झाल्या. माझ्या आयुष्यातली सर्वांत उघडी अकरा ओळींची रचना. वाचून पाहिली तर डोळ्यांत पाणी आले नाही. मग सही केली. बायकोने कागद एका बाजूने धरला.

जाताना मुलगी म्हणाली, "नियमाप्रमाणे हे प्राध्यापकांना पाठवावं लागेल, सर. त्यांचं उत्तर मागवावं लागतं."

"पाठव," मी म्हणालो. "त्यांना माहीतच आहे."

११ मार्च, मंगळवार

उत्तर आले. मुलीला ते मला दाखवायचे नव्हते, मीच मागून घेतले.

"सदर शिक्षक माझे जुने स्नेही असून वयोमानानुसार त्यांची स्मृती क्षीण झाल्याचे मला अलीकडील संभाषणांतून जाणवले आहे. त्यांच्या कथनाबद्दल मला सहानुभूती वाटते."

सहानुभूती! दोनदा वाचले. हात धुऊन आलो आणि तिसऱ्यांदा वाचले. चाळीस वर्षे ज्या माणसाच्या पायरीवर मी भाबड्या भक्तासारखा उभा राहिलो, त्याने मला एका वाक्यात वेड्यांच्या यादीत टाकले. वर स्नेही म्हणाला. रागापेक्षा ओकारी जास्त येते. आणि त्याहून ओकारी याची, की क्षणभर मला वाटून गेले, बरेच झाले. मी म्हातारा, विसरभोळा, माझे ऐकू नका. सुटका!

मुलगी म्हणाली, "सर, माझा विश्वास आहे. पण दुसरा दुजोरा नसेल तर विद्यापीठाची समिती एवढंच छापू देईल की शिक्षकाचं कथन आणि संशोधकाचं म्हणणं जुळत नाही. मग ते वाचणारा ज्याला जे हवं ते मानणार."

"आणि तुझ्या काकूंची साक्ष?" मी विचारले.

"काकूंनी बिस्किटं नेताना पाहिलं. वाटताना नाही पाहिलं."

बायको आतून ओरडली, "मी तर म्हणते कोर्टात चला! सासऱ्यांना बोलवा!" तिचे सासरे, म्हणजे माझे वडील, जाऊन तीस वर्षे झाली.

१५ मार्च, शनिवार

जुन्या मुलांना शोधायला घेतले. मुले म्हणजे आता पन्नाशी ओलांडलेली. तिघे सापडले. एक बस चालवतो, एकीचे कपड्यांचे दुकान आहे, एक बँकेतून मुदतीआधी निवृत्त होऊन घरी बसलाय, माझ्यापेक्षा म्हातारा दिसतो.

बसवाला म्हणाला, "गुरुजी, बिस्किटं आठवतात. लाल पुडा होता. का पिवळा?"

"दोन दिवस मिळाली होती की एकच दिवस?"

"गुरुजी, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते लिहून देतो."

म्हणजे अजूनही उजवा हात वर करायला तयार! मी पुढे काही विचारले नाही. असला दुजोरा घेतला तर पुन्हा तेच पाप. बँकवाल्याला काहीच आठवत नाही. दुकानवालीला कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ आहे. बिस्किटे बिलकूल आठवत नाहीत. तिने फोनवर म्हणून दाखवली. चौथ्या कडव्यापाशी थांबली. मी फोन कानापासून दूर धरून तसाच बसून राहिलो.

याचा पुरावा होत नाही. मुलीला सांगितले, तीही म्हणाली, नाही होत, सर.

२० मार्च, गुरुवार

उद्या समितीची बैठक आहे. काय छापणार ते उद्या ठरेल. मी आशा सोडली आहे, आणि सोडल्यावर जरा हलके वाटावे, तसे काही वाटत नाही. सकाळपासून घरात एकटाच. बायको आणि सूनबाई नातीच्या शाळेत गेल्या आहेत; तिथे पालकांना औदार्याच्या तासाचे प्रात्यक्षिक दाखवणार आहेत. मला चल म्हणाल्या, मी नाही म्हटले.

साडेअकराच्या सुमाराला दाराची घंटा वाजली. लिफ्ट काल सकाळपासून बंद आहे, तेव्हा तीन जिने चढून कोण येणार? दार उघडले.

प्राध्यापक. चाळीस वर्षांत या घराची पायरी कधी चढले नव्हते. एका हातात काठी, दुसऱ्याने चौकट घट्ट धरलेली, कपाळावर घाम, शर्टाचे बटण चुकीच्या काजात. खाली गाडी थांबली असावी. वर ते एकटेच आले होते. मी म्हटले, आत या. येईनात. मला वाटले, भांडायला आले आहेत, उद्याच्या आत मला सही मागे घ्यायला लावायला. मीही मनात शब्द जुळवत होतो; गेले दहा दिवस दुसरे काय करतोय!

त्यांची धाप काही केल्या थांबेना. बोलायला तोंड उघडायचे आणि नुसता श्वासच बाहेर यायचा. मग एकदाचे म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी एक मुलगा होता. बारीक, कानावर टाके पडलेला. पडद्यामागे जाताना त्यानं माझा कोट ओढला."

मी दार पुरते उघडले.

"म्हणाला, सर, कालच्यासारखीच दोन टाकायची ना?"

जिन्यात खालच्या मजल्यावर कोणीतरी दार लावले. प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिले नाही, उंबऱ्याकडे पाहिले.

"मी हो म्हणालो."